जीएसटी पाच महिन्यांचा थकलाय, वर जुन्या वर्षाची कर-मागणीची ऑर्डर निघालीय. कोणाकडे जाऊ?

पत्रावाला | १२ मे २०२५, रात्री ११:४७

इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे. लिहायला बसलो ते या विषयावर, इलाज नाही.

माझं शीटमेटलचं वर्कशॉप आहे, प्रोप्रायटरशिप. इलेक्ट्रिकल पॅनेलचे डबे, ब्रॅकेट, गार्ड असली कामं. दोन प्रेस, एक बेंडिंग मशीन, अकरा माणसं. वर्षाची उलाढाल पावणेदोन कोटींच्या आसपास.

गेल्या वर्षी जून ते सप्टेंबरमधली एका मोठ्या पार्टीची बिलं अडकली. एकूण ३१ लाख. माल वापरून झाला, बिलं पास झाली, पैसे मात्र "पुढच्या आठवड्यात". जीएसटीत बिल फाडलं की कर लागू, पैसे हातात आले का हे कोणी विचारत नाही. ऑक्टोबरपर्यंतचा कसाबसा भरला. नोव्हेंबरचा राहिला, म्हटलं डिसेंबरबरोबर भरू. मग पगार, पत्र्याचं बिल, एका कारागिराचं ऑपरेशन. नोव्हेंबर ते मार्च, पाच महिन्यांची ३बी (दर महिन्याला कर भरायची रिटर्न) पडून आहेत. क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी) वजा जाता रोखीने भरायचे ६ लाख ७० हजार.

इथवर निदान कळत तरी होतं. शनिवारी अकाउंटंटकडून पोर्टलचा पासवर्ड मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः आत शिरलो. आत २४ फेब्रुवारीची डीआरसी-०७, म्हणजे कर-मागणीची ऑर्डर, पडलेली. २०२०-२१ सालात जास्त क्रेडिट घेतलं म्हणून ४ लाख ६२ हजार कर, त्यावर व्याज, त्यावर दंड. त्याआधीची नोटीस नोव्हेंबरमधली, तिला उत्तरच गेलेलं नाही. रजिस्टर्ड ईमेल आणि मोबाईल दोन्ही अकाउंटंटचे, त्यामुळे मला पत्ताच नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "साहेब, अशा नोटिसा सगळ्यांनाच येतात."

रिटर्न थकल्यामुळे ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना लागणारं पोर्टलवरचं बिल) बंद झालंय, त्यामुळे लाखाच्या आतला माल तुकड्या-तुकड्यांनी पाठवतोय. घरी अजून सांगितलेलं नाही.

सीए गाठू, वकील गाठू, की फोनवर सारखी जाहिरात येते त्या "टॅक्स सेटलमेंट"वाल्यांकडे जाऊ? हप्ते मिळतात का? व्याज कमी करून देतात का?

---

वरचा_मजला | १२ मे, रात्री ११:५८

साहेबांना जाऊन भेटा. समोरासमोर सगळं मिटतं. जास्त कागद वाढवू नका.

---

शाईबाई | १३ मे, सकाळी ७:१०

@वरचा_मजला, ऑर्डर पोर्टलवर चढलीय हो. ती कोणाच्या ड्रॉवरमध्ये नाहीये की काढून फाडून टाकली.

पत्रावाला, माझा छापखाना आहे. २०१९ मध्ये मी या रांगेत उभी होते. सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता मशीनवर काम चढलंय. तोवर एकच सांगते, त्या सेटलमेंटवाल्याला आगाऊ रुपयाही देऊ नका.

---

ताळेबंद | १३ मे, सकाळी ९:३५

मी प्रॅक्टिसमधला सीए आहे. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे जनरल समजा.

तुम्ही "थकबाकी" असा एकच शब्द वापरताय. तुमच्याकडे दोन वेगळ्या थकबाक्या आहेत, त्यांचे कायदे वेगळे आणि घड्याळंही वेगळी. बहुतेक लोक दोन्हींची बेरीज करतात, आकडा बघून घाबरतात आणि चुकीच्या टोकाकडून भरायला लागतात.

ऑर्डर आधी बघा. जीएसटी कायद्याच्या कलम १०७ खाली अपिलाला आदेश मिळाल्यापासून तीन महिने असतात. २४ फेब्रुवारी धरली तर २४ मे. आज १३ आहे. पुढचा एक महिना उशीर माफ होऊ शकतो, पण तो हक्क नव्हे, कारण पटवावं लागतं. त्यानंतर अपील प्राधिकाऱ्याचेही हात बांधलेले असतात. वसुलीलाही साधारण तेवढेच तीन महिने दिलेले असतात. ते उलटले की बँकेला डीआरसी-१३ जाऊ शकते आणि तुमच्या ग्राहकांनाही जाऊ शकते: "या माणसाला देणं आहे ते आम्हाला द्या." पार्टीला असं पत्र गेलं की पुढच्या ऑर्डरीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मग रिटर्न. मासिक भरणाऱ्याने सलग सहा महिने रिटर्न भरलं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द करण्याची नोटीस निघू शकते, आणि ती निघाली की नंबर निलंबित होतो. तुमचे पाच झालेत. एप्रिलचं रिटर्न २० मेला आहे, तो सहावा. त्याच्या आत निदान नोव्हेंबरचं रिटर्न गेलं पाहिजे, म्हणजे साखळी तुटते. पोर्टलवर एएसएमटी-१३ नावाचं काही दिसतंय का बघा. रिटर्न न भरणाऱ्याचा कर अधिकारी आपल्या अंदाजाने ठरवतो, तो आदेश. ६० दिवसांत खरं रिटर्न भरलं तर तो आपोआप मागे गेल्याचं धरतात.

हप्त्यांबद्दल. कलम ८० खाली जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात, डीआरसी-२० मध्ये अर्ज करायचा. पण, आणि इथे लोक फसतात, रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेल्या कराला ही सवलत नाही. म्हणजे तुमच्या ६ लाख ७० हजारांना हप्ते नाहीत. ऑर्डरच्या रकमेला अर्ज करता येईल, व्याज चालूच राहील, आणि एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय.

व्याज १८ टक्के. ते कमी करणं कोणाच्याही हातात नाही, अधिकाऱ्याच्या नाही, माझ्या नाही, जाहिरातवाल्याच्या तर नाहीच. तुमच्या पाच रिटर्नांवर आजपर्यंत साधारण २७ हजार होतं (दर महिन्याला सारखाच कर धरून). लेट फी रोज ५० रुपये, पण दीड ते पाच कोटींच्या उलाढालीला एका रिटर्नला ५ हजारांची कमाल मर्यादा आहे. तुमचे पाच मिळून साधारण १८ हजार होतात. म्हणजे सगळा उशीर पंचेचाळीस हजारांत आहे. झोप उडावी असा आकडा नाही हा.

आणि ते तुकड्या-तुकड्यांचं इथे लिहू नका. करूही नका. एकाच बिलाचा माल फोडलेला गाडीत सापडला तर आणखी एक प्रकरण उभं राहील.

---

खडूस | १३ मे, सकाळी १०:२०

सीए साहेबांनी लिहिलंय ते बरोबरच असेल. पण धागाकर्त्याची ही अवस्था झाली ती "माणूस ठेवलाय, तो बघतो" यामुळेच ना? आता दुसरा माणूस ठेवा, तोही बघेल. फी मात्र दोघांची. पोर्टल उघडा, चलन काढा, भरा. शाळेत नापास झालेली मुलंसुद्धा आज ३बी भरतात.

---

ताळेबंद | १३ मे, सकाळी १०:४१

@खडूस, ३बी स्वतः भरायला माझी काहीच हरकत नाही. ऑर्डरविरुद्ध अपील मात्र स्वतः लिहू नये. तिथे काय मान्य करायचं आणि काय नाही याचा निर्णय एकदाच होतो.

---

मिरवणूक | १३ मे, दुपारी १:०५

अभय योजना चालू आहे ना? माझ्या मेव्हण्याचं व्याज-दंड सगळं माफ झालं. फक्त मूळ कर भरला.

---

ताळेबंद | १३ मे, दुपारी १:३०

मेव्हण्यांचं वर्ष २०१७-१८, १८-१९ किंवा १९-२० असणार. कलम १२८ए फक्त त्या तीन वर्षांना होतं, आणि कर भरायची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. धागाकर्त्याची ऑर्डर २०२०-२१ ची, एका वर्षाने हुकली. राज्याची २०२३ ची अभय योजना व्हॅटसारख्या जीएसटीपूर्वीच्या करांची होती. "योजना येईल" म्हणून थांबलेली माणसं मी पाहिलीयत. काहींना आली, हे खरं. बाकीच्यांचं व्याज वाढलं.

---

करमुक्ती_सल्ला | १३ मे, दुपारी ३:१६

जीएसटी थकबाकीवर ५० ते ७० टक्के सूट मिळवून देतो. आत ओळख आहे. काम झाल्यावर वाचलेल्या रकमेच्या ३० टक्के. संपर्क: [काढले]

*(फोन नंबर काढला आहे, सदस्याला समज दिली आहे. इतरांनीही स्वतःचा जीएसटी नंबर, पॅन किंवा नोटिशीचे फोटो इथे टाकू नयेत. – व्यवस्थापन)*

---

खडूस | १३ मे, दुपारी ३:२२

हे बघा, आलेच! गूळ सांडला की मुंग्यांना पत्ता सांगावा लागत नाही.

---

शाईबाई | १३ मे, रात्री ९:५०

आलेच म्हणून बरं झालं, माझी गोष्ट नेमकी यांचीच आहे.

२०१९ मध्ये माझी साडेतीन लाखांची थकबाकी होती. एका गृहस्थाने असंच सांगितलं, निम्म्यात मिटवतो. साठ हजार फी रोख. आणि कराचे म्हणून एक लाख सत्तर हजार त्याच्या खात्यावर मागितले, "मी चलन करतो, तुम्हाला जमणार नाही". मी दिले. त्याने मला चलनाचा कागदही दाखवला. त्यावर सीपीआयएन नंबर होता, म्हणून मी निश्चिंत. चार महिन्यांनी बँक खातं गोठलं तेव्हा कळलं की सीपीआयएन म्हणजे फक्त चलन तयार केलं. पैसे जमा झाले की सीआयएन येतो. तो कधी आलाच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम: फी सल्लागाराला, कर सरकारला, आणि कर माझ्या लॉगिनमधून, माझ्याच बँकेतून. भरल्यावर कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या आपल्या जमा-खात्यात) तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. तिथे दिसला तर भरला.

खातं गोठलेलं असताना पगाराच्या दिवशी कामगारांसमोर उभं राहणं... असो. ते पैसे परत मिळाले नाहीत.

नंतरची सीए बाई मात्र भली भेटली. पहिल्या दिवशी तिने फी सांगितलीच नाही. म्हणाली, आधी सगळं डाउनलोड करून तुम्हाला वाचून दाखवते, मग ठरवा मी हवीय का. दोन तास लागले. त्यातल्या दोन नोटिसा तर माझ्याच जुन्या पत्त्याच्या घोळामुळे दोनदा निघालेल्या होत्या.

पत्रावाला, आणि घरी सांगा. मी सासूबाईंना बँकेचा फोन आल्यावर सांगितलं. त्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही बरं.

---

ताळेबंद | १३ मे, रात्री १०:१५

शाईबाईंशी पूर्ण सहमत. त्यात थोडी भर.

"वाचलेल्या रकमेच्या इतके टक्के" ही फी सीएंच्या आचारसंहितेत काही ठरावीक अपवाद सोडले तर बसत नाही. असं कोणी मागितलं तर तो सीए आहे का हेच आधी तपासा. सदस्य क्रमांक विचारायला लाजू नका, संस्थेच्या साइटवर पडताळता येतो.

सीए की वकील? अपिलापर्यंत सीए, कॉस्ट अकाउंटंट, वकील, जीएसटी प्रॅक्टिशनर, कोणीही तुमच्या अधिकारपत्रावर उभा राहू शकतो. हायकोर्टात जायचं झालं तर वकील. पदवीपेक्षा त्याने गेल्या वर्षभरात किती अपिलं स्वतः लिहिली ते विचारा. माझ्याच ओळखीत उत्तम ऑडिट करणारे सीए आहेत ज्यांनी एकही सुनावणी पाहिलेली नाही, आणि ते तसं प्रामाणिकपणे सांगतातही.

ईमेल-मोबाईल आजच बदला. नॉन-कोअर दुरुस्ती आहे, अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. ओटीपीसाठी अकाउंटंट टाळाटाळ करत असेल तर तुमच्या भागातल्या जीएसटी कार्यालयात ओळखपत्रं घेऊन जा, अधिकारी त्यांच्या बाजूने बदलून देऊ शकतात.

---

उधारी_बंद | १४ मे, सकाळी ८:०५

सगळे सरकारला कसं द्यायचं ते सांगतायत. त्या पार्टीकडून कसं काढायचं ते कोणीच बोलत नाहीये. मूळ आजार तो आहे.

उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? माल देण्याच्या आधीपासूनचं? असेल तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याने पार्टीला जास्तीत जास्त ४५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढ. बँक रेट आत्ता, मे २०२५ मध्ये, ६.२५ आहे, म्हणजे १८.७५ टक्के. सरकार तुमच्याकडून १८ घेतंय तेही सरळव्याजाने. पार्टी तुम्हाला त्याहून जास्त देणं लागते! थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी सरकारच्या समाधान पोर्टलवर अर्ज करता येतो.

आणखी दोन खिळे आहेत. खरेदीदाराने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याने घेतलेलं जीएसटी क्रेडिट त्याला व्याजासकट उलटवावं लागतं. तुमच्या सप्टेंबरच्या बिलांनाही १८० दिवस होऊन गेले. दुसरं, आयकरात ४३बी(एच): सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. पर्चेसवाल्याला फोन करणं सोडा. हे दोन मुद्दे त्यांच्या अकाउंट्स खात्याला लेखी पाठवा. पर्चेसवाल्याला तुमची दया येते पण तो काही करू शकत नाही. अकाउंट्सवाल्याला ऑडिटरची भीती असते.

---

पत्रावाला | १४ मे, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. उद्यम आहे, २०२१ चं.

@उधारी_बंद, ३१ लाखांत ४ लाख ७३ हजार नुसता जीएसटी आहे, आज हिशोब केला. म्हणजे मी त्यांच्या वतीने सरकारला भरलेला, त्यांनी क्रेडिट म्हणून घेतलेला, आणि मला न दिलेला. हे असं लिहून काढलं तेव्हा पहिल्यांदा राग आला. आजवर नुसती लाज वाटत होती. पण पत्र पाठवलं तर पुढचं काम बंद होईल, माझ्या कामातला तिसरा हिस्सा त्यांचा आहे.

घरी सांगितलं. बायकोने आधी विचारलं, "किती?" मग विचारलं, "कधीपासून माहीत होतं?" दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायला जास्त वेळ लागला.

उद्या दोन सीएंना भेटतोय.

---

उधारी_बंद | १५ मे, सकाळी ७:४०

पैसे न देणाऱ्याचं काम बंद झालं तर नक्की काय बुडतं, हे एकदा कागदावर मांडा.

---

पत्रावाला | १७ मे, संध्याकाळी ६:३०

अपडेट देतो.

पहिले सीए म्हणाले, "फाइल ठेवून जा, मी बघतो." वाक्य ओळखीचं वाटलं. नमस्कार करून निघालो.

दुसरे वयाने माझ्याहून लहान. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि मलाच लॉगिन करायला लावलं. ऑर्डरच्या मागची जोडपत्रं उघडली. मी फक्त पहिलं पान पाहिलं होतं! आत पुरवठादारनिहाय यादी होती. ४ लाख ६२ हजारांतले ३ लाख २४ हजार एकाच पत्र्याच्या व्यापाऱ्याचे. त्याने माझ्या बिलांवर जीएसटी नंबर बरोबर टाकला, पण रिटर्नमध्ये भलताच नंबर चढवला. कर त्याने भरलाय, पण तो माझ्या नावावर दिसत नाही. उरलेले १ लाख ३८ हजार दुसऱ्या एकाचे, त्याने रिटर्नच भरलं नाही, आता धंदाही बंद केलाय.

फी ३५ हजार, तीन टप्प्यांत, कशाकशाची ते लेखी. पहिल्या सुनावणीपर्यंतचं सगळं त्यात.

ईमेल-मोबाईल बदलले. नोव्हेंबर आणि डिसेंबरचं रिटर्न काल गेलं, २ लाख ५१ हजार. पैसे बायकोच्या सोन्यावर काढले. तिने स्वतःच डबा आणून ठेवला, मी मागितला नव्हता.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती: पाचही महिन्यांचे पैसे एकदम लागत नाहीत. जुन्यापासून क्रमाने एकेक रिटर्न भरता येतं. नोव्हेंबरचं ३बी गेल्याबरोबर डिसेंबरचं जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) उघडलं. आणखी दोन पार्ट्यांनी जीएसटीचे पैसे रोखले होते, कारण माझी बिलं त्यांच्या २बीमध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत) दिसत नव्हती. आता डिसेंबरची आणि जानेवारीची दिसतील. मी कर भरत नाही म्हणून ते देत नव्हते, ते देत नाहीत म्हणून मी भरत नव्हतो. पाच महिने हेच चक्र चालू होतं.

---

खडूस | १७ मे, संध्याकाळी ७:१५

लॅपटॉप फिरवणारा सीए. ठीक आहे, एक गुण दिला.

पण त्या १ लाख ३८ हजारांचं काय? पुरवठादाराने चोरी केली, भुर्दंड तुम्हाला का? लढा की.

---

ताळेबंद | १७ मे, रात्री ८:५०

@खडूस, प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक खरेदीदाराला आधी वेठीला धरू नका, पुरवठादाराकडे जा, असं म्हणणारे हायकोर्टांचे निकाल आहेत. उलट बाजूला कलम १६(२)(सी) सरळ लिहिलेलं आहे: कर सरकारकडे भरला गेला तरच क्रेडिट. लढता येतं, पण त्यासाठी माल खरंच आला आणि पैसे बँकेतून गेले याचा भक्कम पुरावा लागतो. त्यांच्याकडे काय आहे त्यावर ठरेल.

पहिल्या ३ लाख २४ हजारांवर मात्र मी आशावादी आहे. चुकीचा नंबर चढल्याची नेमकी परिस्थिती सीबीआयसीच्या (केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाच्या) १८३ क्रमांकाच्या परिपत्रकात आहे, आणि १९३ क्रमांकाने ती पद्धत डिसेंबर २०२१ पर्यंतच्या काळाला, त्या वेळच्या टक्केवारीच्या मर्यादेत, लागू केली. एका पुरवठादाराचा वर्षाचा फरक पाच लाखांपर्यंत असेल तर त्या पुरवठादाराचंच प्रमाणपत्र चालतं. त्याहून जास्त असेल तर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं.

---

पत्रावाला | २३ मे, रात्री १०:०५

अपील आज दाखल झालं, एक दिवस शिल्लक ठेवून.

@खडूस, त्या बंद पडलेल्या पुरवठादाराची निम्मी बिलं मी रोखीने दिली होती. लॉकडाऊननंतरचा काळ, पत्रा मिळेल तिथून उचलत होतो. वाहतुकीची पावती एकाचीही नाही. सीएंनी सरळ विचारलं, "यावर शपथपत्र कराल?" मी गप्प बसलो. तो भाग मान्य केला.

हिशोब असा: मान्य कर १ लाख ३८ हजार, त्याचं व्याज १ लाख ११ हजार, दंड १३ हजार ८००. उरलेल्या वादातल्या ३ लाख २४ हजारांचे १० टक्के, ३२ हजार ४००. एकूण २ लाख ९५ हजार २००. एवढं भरल्यावर बाकीच्या रकमेची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत कायद्यानेच थांबते, वेगळी स्थगिती मागावी लागत नाही. बँकेने ओडी (ओव्हरड्राफ्टची मर्यादा) वाढवून दिली नाही, जुनी छोटी प्रेस विकली. (गंमत म्हणजे त्या विक्रीवरही जीएसटी लागला.)

पत्र्याच्या व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र आणायला तीन चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी डबा घेऊनच गेलो आणि दुकानात बसून राहिलो. जुनी बिलं शोधायला पोटमाळ्यावर गेलो तेव्हा २०२० ची एक फाइल उंदरांनी कुरतडलेली निघाली. नशीब, ती विजेच्या बिलांची होती.

---

शाईबाई | २४ मे, सकाळी ६:५५

कॅश लेजर पाहिलंत ना स्वतः?

---

पत्रावाला | २४ मे, सकाळी ७:०२

पाहिलं, ताई. स्क्रीनशॉटही काढला.

---

पगारपत्रक | २६ मे, दुपारी १२:४०

उशिरा येतोय. एवढ्या गोंधळात पीएफ आणि टीडीएस बघितला का? लोक जीएसटीच्या मागे लागतात आणि कामगारांच्या पगारातून कापलेला पैसा तसाच राहतो. तो तुमचा नसतोच.

---

पत्रावाला | २६ मे, रात्री ९:१८

पीएफ वेळेवर आहे. टीडीएसचा एक महिना राहिला होता, सीएंनी पहिल्याच दिवशी विचारला आणि सगळ्यात आधी तोच भरायला लावला.

---

पत्रावाला | १९ जुलै, रात्री ११:३०

बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून.

मार्चचं रिटर्न ३० जूनला गेलं, एप्रिल-मे त्यामागोमाग. ई-वे बिल चालू झालं. दोन छोट्या पार्ट्यांनी अडवलेला जीएसटी सोडला, त्यातूनच फेब्रुवारी आणि मार्च निघाले.

मोठ्या पार्टीला पत्र गेलं. सीएंनी मसुदा केला, धमकी एकही नाही. बिलांची यादी, तारखा, १८० दिवस कधी झाले तो रकाना, आणि शेवटी "आपल्या लेखापरीक्षकांच्या माहितीसाठी". नवव्या दिवशी अकाउंट्समधून फोन आला. आजवर मला त्या खात्याचा नंबरही माहीत नव्हता. १४ लाख आले. उरलेल्यांचं वेळापत्रक लेखी दिलंय, पहिला हप्ता चार दिवस उशिरा पण आला. समाधानवर अर्ज अजून केलेला नाही, मसुदा तयार ठेवलाय. त्यांची नवीन कामं निम्म्यावर आली, हेही खरं. त्यांनी केली की मी घेतली नाहीत, हे माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

जुना अकाउंटंट अजून आहे. रोजच्या नोंदी तोच करतो. ओटीपी आता माझ्या फोनवर येतो आणि दर सोमवारी चहाच्या वेळी मी नोटिसांचं पान उघडून बघतो. "अतिरिक्त नोटिसा" म्हणून वेगळा कप्पा आहे, तोही बघा. माझी ऑर्डर तिथेच लपली होती.

अपिलाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

---

ताळेबंद | २० जुलै, सकाळी १०:००

छान. सुनावणीला प्रमाणपत्राची मूळ प्रत न्या आणि स्वतः हजर राहा. बोलायचं सीएंनी, पण माल कुठे उतरवला, कोणी मोजून घेतला असं काही विचारलं तर ते तुम्हालाच ठाऊक.

बाकी वाचकांसाठी: पोर्टल तीन वर्षांपेक्षा जुनं रिटर्न स्वीकारणार नाही. कोणाची जुनी रिटर्न राहिली असतील तर ती आत्ताच तपासा.

---

नवीन_गिरणीवाला | २१ जुलै, रात्री १२:१५

नमस्कार. आजच सदस्य झालो. अख्खा धागा एका बैठकीत वाचला. माझीही अशीच केस आहे, रक्कम याच्या तिप्पट. भावाने आणि मी भागीदारीत धंदा केला, तो आता वेगळा झालाय आणि म्हणतो माझा संबंध नाही. पत्रावाला, तुमच्या सीएंचा नंबर निरोपात द्याल का? खूप टेन्शनमध्ये आहे.

---

पत्रावाला | २१ जुलै, सकाळी ६:४०

नंबर पाठवलाय. टेन्शन बाजूला ठेवा, आधी लॉगिन करा. ऑर्डर निघालीय का? कोणत्या तारखेची?